मोहितेकाकांची खालची घंटी

“मालक कोण? तुम्ही की तो?”

गेल्या दिवाळीच्या आधी जिन्यात मी चपलेचा पट्टा लावत होते, तेव्हा वरून हे ऐकू आलं. मान उंच करून पाहिलं तर मोहितेकाका आपल्या दारात उभे, आणि समोर तिवारीजी. तिवारीजींच्या एका हातात पणत्यांचा डबा होता, दुसऱ्या हातात मुलाचं मनगट. शाळेने वाचनालयासाठी मुलांना पणत्या विकायला दिल्या होत्या, आणि दरवर्षीप्रमाणे त्या आईबाप विकत होते.

“काकाजी, एक ही बात है। मैं इसका बाप हूँ।”

“मग तर तुम्ही वशिला झालात. वशिला बाहेर, उमेदवार आत!”

तिवारीजी बाहेर राहिले. काकांनी त्यांना वाचायला पेपर दिला, तोही आदल्या दिवशीचा.

ग्वाल्हेरला शिंदे की छावनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मोहितेकाकांना जो ओळखत नाही, तो नवा भाडेकरू समजावा. त्यांच्या दाराला दोन घंट्या आहेत. एक सगळ्यांकडे असते तिथे, दुसरी गुडघ्याच्या जरा वर. ती मुलांची. वरची वाजली तर काका सावकाश उठतात, कधी उठतही नाहीत. खालची वाजली की शर्टाची बटणं लावत धावतात. एकदा एका कुरिअरवाल्याने वाकून खालची दाबली. काकांनी दार उघडून आधी त्याला वय विचारलं.

काका औषधांच्या कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारे विक्रेते होते. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना इथले सगळे दवाखाने बॅग घेऊन पालथे घातलेले. त्यामुळे विक्री हा त्यांच्या लेखी पोरखेळ नाही. मुलाला खुर्ची मिळते, पाणी मिळतं आणि मग उलटतपासणी सुरू होते. तिवारीजींच्या मुलाला त्यांनी विचारलं, “दिया बुझ गया तो पैसे वापस?”

“हवा तो आपके घर की है, दादाजी.”

काकांनी जागच्या जागी अख्खा डबा घेतला. तोवर बाहेर तिवारीजी पेपरातल्या विवाहविषयक जाहिरातींपर्यंत पोचले होते.

माझ्या वहिनीला हा सगळा प्रकार मंजूर नाही. “मुलं अभ्यास करतील की दारोदार फिरतील? शाळेला पैसे मिळाले ना, बस, बात खतम.” वहिनीचं ऑफिस फूलबाग भागात आहे. यंदा आपल्या मुलीचा, सईचा माल तिने तिथे जेवणाच्या सुट्टीत संपवला.

“मग परीक्षेचा पेपरही तूच लिहून ये,” काका तिला म्हणाले.

“लिहीन ना काका. बसू देत असतील तर!”

मी या वादात पडले नाही. मी कुठल्याच वादात पडत नाही. काका जिन्यात भेटले की मला म्हणतात, “काय ग, तुमच्या इंग्रजी शाळेत बोलायची फी वेगळी होती का?” मी हसते. उत्तर मला घरी पोचून कुलूप उघडल्यावर सुचतं.

सई, म्हणजे माझी भाची, याबाबतीत माझ्यावर गेली आहे. पाहुणे आले की ती पडद्यामागे जाते, आणि तिथे बहुतेक वेळा मी आधीच असते. पण यंदा आई डबा ऑफिसात नेणार हे कळल्यावर तिने पणत्यांचं एक पाकीट उशीखाली लपवलं. ते ती स्वतः काकांना विकणार होती. चार दिवस गिऱ्हाईक म्हणून मी समोर बसत होते. “नमस्ते काका, मी सई, या पणत्या आमच्या वर्गाने रंगवल्या आहेत.” इथपर्यंत फार छान जमायचं.

रविवारी ती निघाली. “मी येते, नाहीतर ही तोंड नाही उघडणार,” म्हणत वहिनी मागे. वहिनीच्या मागे मी.

सईने खालची घंटी दाबली आणि दार इतकं लगेच उघडलं की काका दारामागेच उभे असावेत. अंगात इस्त्रीचा झब्बा. आत भिंतीशी ओळीने मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या. टेबलावर जाळीखाली तीळगुळाच्या गजकची ताटली, कोणी हात न लावलेली.

“या, या! यंदाची पहिली उमेदवार. मला वाटलं शाळेने पणत्या दिल्याच नाहीत.”

“दिल्या ना काका,” वहिनी दारातून म्हणाली. “आता सगळं ग्रुपवर होऊन जातं. मम्मी लोकांनी केव्हाच संपवल्या.”

“असं होय,” काका म्हणाले, आणि त्यांनी सरळ असलेली जाळी पुन्हा सरळ केली.

सई खुर्चीवर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते, पाकीट मांडीवर घट्ट धरलेलं.

“बोला, काय आणलंय?”

सई पाकिटाकडे बघत राहिली. काका थांबले.

“बोल ना बेटा. नमस्ते बोल. पणती बोल,” वहिनी म्हणाली.

काकांनी वहिनीकडे न बघता हात वर केला. सईने पाकीट पोटाशी ओढून मान आणखी खाली घातली.

“जाऊ द्या काका, रडेल आता. पाकीट ठेवून जाते मी, तुम्ही नंतर बघा.”

“ठेवून जाते म्हणू नकोस!”

आम्ही तिघी दचकलो. काकाही दचकले असावेत, कारण पुढचं ते अगदी हळू बोलले. “जन्मभर तेच ऐकलं ग. बाहेर ताटकळत बसायचं, पाठ केलेलं मनात घोळवायचं. आणि आत गेलं की डॉक्टर मान वर न करता म्हणायचे, ठेवून जा. माझं बोलणं कधी पुरं झालं नाही. या पोरांचं तरी कोणी पूर्ण ऐकावं म्हणून बसतो. मला कुठे घाई आहे? घरात दुसरं कोण बोलणार आहे?”

वहिनीचा आवाज खाली आला. आमच्या बिल्डिंगमध्ये असं सहसा होत नाही. तरी तिने सईपुढे हात केला. “चल बेटा, घरी जाऊ.”

सईने पाकीट सोडलं नाही आणि खुर्चीही सोडली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

“वहिनी,” मी म्हणाले, “चल, आपण दोघी खाली जाऊ. हिला अजून बोलायचंय.”