सुई, लाटणं आणि देवापुढचा दिवा

“सूनबाई, कडेच्या रंगाला घाई चालत नाही आणि दोन हत्यारं चालत नाहीत! ज्या हत्यारानं पहिला हात दिलास, त्याच हत्यारानं शेवटचा द्यायचा. मध्येच बदललंस तर बघणाऱ्याच्या डोळ्यांना कळणार नाही, पण माझ्या बोटाला कळेल!”

मामंजींचं हे बोलणं माझ्या कानात कायमचं मुक्कामाला आहे. जन्मभर त्यांनी चामड्याच्या बॅगा शिवल्या. आता डोळे साथ देत नाहीत. टाके ते अजून बोटांच्या अंदाजानं घालतात, पण कडा रंगवायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. आणि खोटं कशाला बोलू, कडेच्या रंगासाठी हत्यार निवडण्यात आमच्या गल्लीत माझा हात धरणारं कोणी नाही! गल्लीत चामड्याचं काम करणारं दुसरं घरच नाही, ही गोष्ट वेगळी.

मी सगळं वापरून पाहिलंय. ब्रशनं रंगावर रेघोट्या उमटतात, मांजरानं चाटल्यासारख्या. स्पंजानं कडेपेक्षा माझं कोपरच जास्त रंगतं. कापसाची काडी रंगात तंतू सोडते आणि वाळल्यावर बॅगेला मिशा फुटतात! एका दुकानदारानं चाकाचं पेन गळ्यात मारलं. त्याचं चाक मनात आलं तर फिरतं, नाही तर रुसून बसतं. शेवटी मला सापडली विणकामाची सुई. टोकाला रंगाचा थेंब घ्यायचा, सुई कडेवर आडवी टेकवायची आणि बोटांत फिरवत पुढं न्यायची. रंग कसा मधासारखा पसरतो! बाजूला एक ओघळ येईल तर शपथ.

आता माझ्या मौनाविषयी सांगायला हवं, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. रोज सकाळी मी देवापुढं दिवा लावते आणि तो आपोआप शांत होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. लिहूनही दाखवत नाही, कारण ते हातानं बोलणंच झालं. खुणा तेवढ्या चालतात. ही सवलत मीच मला दिली आहे. तशी मी मौन सुटल्यावरही इतकं हळू बोलते, की घरच्यांना फारसा फरक जाणवत नाही.

तर त्या दिवशी दुपारच्या गाडीनं आमच्या ताई, म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, परगावी निघाल्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणून नव्या शाळेत रुजू व्हायला! लहानपणी त्या उशा ओळीनं मांडून त्यांना शिकवायच्या आणि गडबड करणाऱ्या उशीला कोपऱ्यात उभं करायच्या. तेव्हाच मामंजींनी त्यांना शब्द दिला होता, “खरीखुरी मुख्याध्यापिका झालीस की बॅग माझ्या हातची!” तो शब्द आता टेबलावर तयार होता. बॅग झाली होती, कडांना पहिला हात देऊन झाला होता. राहिला होता फक्त शेवटचा हात. तासाभराचं काम! दिवा लावला, बशीत रंग ओतला, सुईकडं हात नेला.

सुई गायब!

टेबलाखाली पाहिलं. रंगांच्या बाटल्यांमागं पाहिलं. सगळी खोली पालथी घालण्यात बराच वेळ गेला. इतक्यात आमचे हे डोकावले.

“काय शोधतेस गं?”

मी दोन्ही हातांनी लांबी दाखवली, मग चिमटीनं बारीकपणा दाखवला.

“कळलं!” हे म्हणाले. हे ‘कळलं’ म्हणाले की समजावं, काहीतरी भलतंच येणार. स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. मी मान हलवली. टूथब्रश आणला. मी पुन्हा मान हलवली आणि जरा नीट समजावं म्हणून हवेत सुई आडवी धरून फिरवत पुढं नेऊन दाखवली.

“अगं, मग आधी नाही का सांगायचं!”

आणि लाटणं घेऊन आले!

मी कपाळावर हात मारला. कोणत्याही बाईनं मारला असता. यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. “कपाळ? डोकं दुखतंय? म्हणजे तुला... लांब, बारीक... थर्मामीटर हवाय!”

मी नको-नको अशा अर्थानं दोन्ही हात हलवले. यांना वाटलं, मला थंडी वाजून येतेय.

पुढच्या क्षणी शेजारच्या नर्सबाई हजर! त्यांना निवृत्त होऊन बरेच दिवस झालेत आणि गल्लीत कोणी आजारी पडत नाही म्हणून त्या कष्टी असतात. त्यांनी मला पलंगावर आडवं केलं, थर्मामीटर तोंडात खुपसला आणि दटावलं, “एक शब्द बोलायचा नाही!”

हे सांगायला त्या एकट्याच राहिल्या होत्या.

पडल्या पडल्या मी देवाकडं पाहिलं. एरवी एवढ्यात दिवा शांत झालेला असतो. आज ज्योत कशी टवटवीत! मला आधी भरून आलं. मनात म्हटलं, देव प्रसन्न झाला वाटतं. तेवढ्यात हे चवड्यांवर चालत आले, खिशातून बाटली काढली आणि दिव्यात तेल ओतून, हात जोडून गेले.

देवा रे! म्हणजे सकाळपासून हा उद्योग चालला होता!

मी उठायला गेले, तर नर्सबाईंनी खांदे दाबून धरले. बाहेरून यांचा आवाज आला, “तू आराम कर! ताईची बॅग मी करतो. तू दाखवलंस की कसं करायचं!”

काय दाखवलं होतं मी? लाटणं!

नर्सबाईंच्या हाताखालून मी कशी निसटले, मलाच माहीत नाही. तोंडात थर्मामीटर तसाच. बाहेर येऊन पाहते तर यांनी लाटण्याला तपकिरी रंग फासला होता आणि बॅग आडवी घालून, एखाद्या पोळीसारखी ती लाटायच्या बेतात होते. एक कोपरा रंगलाही होता! मी बॅग हिसकावून घेतली आणि छातीशी घट्ट धरली.

“ताप डोक्यात गेलाय!” नर्सबाई मागून ओरडल्या. “पकडा तिला!”

हे लाटणं घेऊन पुढं, नर्सबाई मागं, मी मध्ये. अशी आमची वरात टेबलाभोवती फिरत असताना न्हाणीघरातून ताई आल्या. केसांचा अंबाडा वर घट्ट बांधलेला. आणि त्या अंबाड्यात आरपार खुपसलेली, टोकाला तपकिरी रंग वाळलेली...

माझी सुई!

मी झेप घेतली.

“अगं! अगं, सोड केस! अरे, हिला आवर! बाबा, ही माझ्या जिवावर उठलीय!”

“ताई, तू तिच्याकडं बघू नकोस, ती आजारी आहे!”

“ती आजारी, मग तुझ्या हातात लाटणं कशाला?”

आरडाओरडा ऐकून मामंजी भिंतीला हात लावत बाहेर आले. मी सुई उपटून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चाचपली, मग बॅग चाचपली, कोपऱ्याचा वास घेतला आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

“आजारी कुणी नाही. हिची सुई तुझ्या डोक्यात होती, ताई.”

“मला काय ठाऊक? केस बांधायला टेबलावर एक काडी दिसली, घेतली!”

“मग ही बोलत का नाही?” नर्सबाईंनी विचारलं. आवाजात निराशा होती.

“दिवा चालू आहे अजून,” मामंजी म्हणाले. “आज फार वेळ चाललाय.”

“चालणारच!” हे अभिमानानं म्हणाले. “ताई शुभकार्याला निघालीय, मी सकाळपासून विझू दिलाय कुठं?”

मामंजी असे हसले, की त्यांना खुर्ची द्यावी लागली. “अरे वेड्या, तिचं तोंड त्या दिव्याला बांधलेलं आहे!”

यांनी जीभ चावली. ताई म्हणाल्या, “माझी गाडी जाईल. मी फुंकर मारू का?”

“खबरदार!” मामंजी म्हणाले. “तिला बोलायची गरज काय? हत्यार मिळालं ना? रंग ओला आहे तोवर ओल्या फडक्यानं पूस, सूनबाई, आणि बस कामाला.”

थर्मामीटर नर्सबाईंच्या हातात देऊन मी बसले. आणि काय सांगू, त्या सकाळी जे सुख मिळालं ते विरळाच! हे बाटली टाकून गप्प, नर्सबाई नाडी सोडून गप्प, ताई ओले केस मोकळे सोडून गप्प. सगळं घर दिव्याकडं आणि माझ्या हाताकडं बघत बसलं होतं. सुई फिरत होती, रंग पसरत होता. शेवटची कड पूर्ण झाली, वाळली, आणि मगच ज्योत एकदा मोठी होऊन शांत झाली.

सगळे पुढं वाकले. मी म्हणाले, “आता त्या लाटण्याला कुणी हात लावू नका.”

“काय म्हणाली?” नर्सबाईंनी विचारलं.

मामंजींनी कडेवरून बोट फिरवलं. बोट सरळ गेलं, वळलं, पुन्हा सरळ गेलं आणि एका कोपऱ्यावर थांबलं. “इथं कुणीतरी दुसरं येऊन गेलंय.”

“राहू दे, बाबा,” ताईंनी बॅग खांद्याला अडकवली. “तिकडं गेल्यावर या गाढवाची आठवण नको का मला?” आणि वडिलांचा हात त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

संध्याकाळी यांनी मला कबूल केलं, “पुन्हा तेलाला हात लावणार नाही. ते लाटणं मीच घासून स्वच्छ करीन. आणि उद्या सकाळी तुझ्याबरोबर मौनही पाळीन!”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओठ घट्ट मिटून माझ्यासमोर उभे. दोन्ही हातांनी लांबी दाखवली, मग हवेत काहीतरी घासून दाखवलं. मी सुई आणून दिली. मान हलली. मी टूथब्रश आणला. यांनी कपाळावर हात मारला. मी थर्मामीटर आणला.

दिवा खरं तर केव्हाच शांत झाला होता. पण यांची देवाकडं पाठ होती, घर इतकं निवांत वाटत होतं... मी आपली काही बोलले नाही.

शेवटी यांनी स्वतःच कपाटातून पॉलिशपेपर शोधून काढला. आणि देवासमोरून जाताना चुकूनही तेलाला हात लागू नये म्हणून दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून, खाली मान घालून, चवड्यांवर चालत ते स्वयंपाकघरात लाटणं घासायला गेले.