विठाबाई गेल्या, पुढे वाचा

ही गोष्ट २०१३ सालची. भिवपुरीच्या वीजकेंद्रातली नोकरी संपवून गोदूबाई कर्जतला राहायला आल्या, त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. वर्षभरापासून त्या दर गुरुवारी ब्लॉगवर वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या जुन्या दिवसांबद्दल लिहीत. लेख टाकला की तो आपोआप एक्केचाळीस जणांच्या मेलवर जाई. सगळे जुने शेजारीच, कोणी डोंबिवलीला, कोणी नागपूरला. या आपोआप जाण्याला त्यांची भाची समिधा फीड म्हणे.

गोदूबाईंना एकच हवं होतं. कोणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं. वसाहतीत पोस्टकार्ड आलं तर पोस्टमनसुद्धा ते अख्खं वाचून मगच देई. इथे ब्लॉगवर किती जण आले हे सांगणारा आकडा दोनाच्या पुढे जात नव्हता, आणि त्यातल्या एक त्या स्वतः, दुसरी समिधा.

नेरळहून आलेल्या समिधाने निदान केलं की अख्खा लेख घरपोच मिळाल्यावर ब्लॉगवर येईल कोण? "मावशी, थोडासाच पाठवायचा. खाली 'पुढे वाचा'. येतात मग झक मारत."

गोदूबाईंना हे पानात भात वाढून आमटीसाठी पाहुण्याला स्वयंपाकघरात बोलावण्यासारखं वाटलं. पण आकडा समोर होता. समिधाने फीड तीस शब्दांवर कापलं आणि ती नेरळला गेली.

त्या गुरुवारचा विषय होता विठाबाई. चाळीस वर्षांचा शेजार. वसाहतीत भिंतीला भिंत, कर्जतला दारासमोर दार. आदल्या दिवशीच त्या माथेरानला लेकीकडे गेल्या होत्या, हरवेल म्हणून फोन कपाटात ठेवून. एक्केचाळीस जणांना पोचलं ते एवढंच:

"आमच्या विठाबाई अखेर काल पहाटे गेल्या. आठ दिवस आज जातात की उद्या, असं चाललं होतं. निघताना त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, गोदू, आता मागचं सगळं तुलाच बघायचं हाय"

मागचं सगळं म्हणजे मागल्या दारच्या आठ कुंड्या आणि एक मांजर, हे एकतिसाव्या शब्दापासून होतं. आणि अगदी शेवटी, सत्त्याऐंशीच्या होळीला नेलेलं पुरणयंत्र विठाबाईंनी अजून परत केलेलं नाही, हेही होतं. सव्वीस वर्षांत गोदूबाईंनी हे तोंडातून काढलं नव्हतं. लिहिण्याच्या ओघात निघून गेलं.

दुपारपर्यंत अठ्ठावीस उत्तरं आली. एवढी कधीच आली नव्हती. गोदूबाईंनी हरखून चष्मा लावला आणि पहिलं उघडलं. भावपूर्ण श्रद्धांजली. दुसरंही तेच.

तेवढ्यात मालोजीरावांचा फोन आला. वसाहतीतल्या प्रत्येक मयताला खांदा आणि भाषण त्यांचंच असे. रविवारी दहा वाजता तुमच्याच अंगणात शोकसभा, फोटो फ्रेमला टाकलाय, असं त्यांनी सांगितलं.

"अहो, विठाबाई माथेरानला गेल्यात," गोदूबाई म्हणाल्या.

मालोजीरावांनी समजूत घातली. "पयले पयले असंच वाटतं, वयनी. आमची गेली तवा मी पण आठ दिवस म्हणत होतो, म्हायेरी गेलीय."

"मेलमध्ये खाली 'पुढे वाचा' आहे. ते दाबा."

"आता पुढं वाचायचं काय राह्यलं, वयनी?"

गोदूबाईंनी लगेच खुलाशाचा लेख टाकला. पण त्यांना सुरुवात नीट करायची सवय. विठाबाईंच्या बातमीने आपण सर्व हळहळलात, आपल्या प्रेमाने मला गहिवरून आलं, वगैरे. विठाबाई धडधाकट आहेत हे बत्तिसाव्या शब्दाला आलं. संध्याकाळपर्यंत उरलेल्या तेरांपैकी बारा जणांच्या श्रद्धांजल्याही पोचल्या. आकडा तीन.

या तिघांत तिसरं कोण, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडायला हवा होता.

रविवारी एकोणीस माणसं जमली. मालोजीराव हार हातात घेऊन विठाबाईंच्या दातृत्वावर बोलत होते, तोच चिक्कीची पिशवी घेऊन विठाबाई फाटकातून आत आल्या. त्यांनी फोटो बघितला, कोपऱ्यावरची धूळ पदराने पुसली आणि समोर आपल्या घरात गेल्या. परत आल्या त्या हातात पुरणयंत्र घेऊन. ते त्यांनी गोदूबाईंच्या पायरीवर ठेवलं.

"लेकीला मेल आला. मी समोर जिती बसलेली, म्हून तिनं पुढचं पण दाबलं," त्या म्हणाल्या. "अख्खं वाचलं मी."

आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं. यंत्राला जाळी नव्हती.

समिधाने दुसऱ्याच दिवशी फीड पुन्हा अख्खं केलं. ती आता मुंबईत एका कंपनीत आहे, आणि तिथे लोकांना 'पुढे वाचा' दाबायला लावणं हेच तिचं काम आहे. मालोजीराव दोन वर्षांपूर्वी गेले; हे वाक्य इथेच पूर्ण होतं. एक्केचाळिसांतले आता तेवीस उरलेत. त्यांना लेख अख्खा जातो. वाचतात की नाही, देव जाणे.

विठाबाई आजही गोदूबाईंशी बोलत नाहीत. फ्रेमचा फोटो त्यांनी घरात लावलाय, हाराशिवाय. त्यांना मेल नाही, पण लेकीने दिलेल्या फोनवर ब्लॉग दिसतो. गोदूबाई ऐंशीच्या झाल्या, तरी दर गुरुवारी लिहितात आणि शेवटच्या ओळीत जाळी मागतात.

जाळी अजून आलेली नाही. आकडा मात्र दर गुरुवारी, दुपारच्या चहाच्या आत, एकाने वाढतो.