आसबर्ट उमरावांच्या होकाराची हकीकत

श्रीशारदेस दंडवत, आणि चुकणाऱ्या लेखणीस अभय असावे. शके पंधराशे सत्याण्णव, राक्षसनाम संवत्सरी, समुद्रापलीकडे टोपीकरांच्या एका राज्यात आसबर्ट उमराव म्हणोन थोर कुळीचे, ग्रंथांत बुडालेले, मनुष्य पाहताच घाबरे होणारे वृद्ध गृहस्थ होते, आणि त्यांजकडून एका पत्राचे उत्तर देणे वीस वर्षे राहिले होते. त्या राज्याची चाल ऐसी की, उमरावाने प्रीती करावी ती कवितेत करावी, आणि कवितेत आधी बाईंचे रूप वर्णावे, मग सद्गुण वर्णावे, आणि शेवटी उभयतांची माती करावी. माती न झाली तर कविता कुळवंताची नव्हे. त्याप्रमाणे उमरावांनी शेजारच्या गढीच्या धनीण सिसलीबाई, त्यांस तीनशे कविता पाठविल्या, आणि बाईंनी उलट साधे पत्र लिहिले की, "तीनशे कविता पावल्या. मी तीनशे वेळा मेले. आता जिवंत आहे तोवर लग्न करणार की नाही, तेवढे कळवावे."

पत्र वाचून उमरावांस घाम सुटला, आणि ते कवितेतच उत्तर लिहू बैसले. परंतु दुसऱ्या चरणी होकार द्यावा तो बाराव्या चरणी सवयीने थडगे यावे, मग कागद फाडावा, आणि "होकार साधत नाही, त्यास संसार काय साधणार" म्हणोन खिन्न व्हावे, ऐसे चालले. मग एके सकाळी कारभारी टिमसन धापा टाकीत आला आणि म्हणाला, "सरकार, बाईसाहेब उद्याच्या गलबताने भावाच्या मुलखी कायमच्या निघाल्या! आता तरी लिहा."

"निदान चौदा चरण तरी—"

"एक ओळ लिहा."

"एका ओळीत सद्गुण कैसे मावतील?"

"बाईंचे बाईंपाशी आहेत. आपण धाडायला नकोत."

"आणि मृत्यू?"

"तो न बोलावता येतो, सरकार. टपालवाला मात्र निघाला!"

मग उमरावांनी लिहिले, "होय. वेळ गेली नसेल तर मी येतो," आणि तोच एक सुरेख यमक सुचले, आणि लेखणी पुन्हा दौतीत गेली, आणि टिमसनाने कपाळास हात लाविला की, झाली आणखी वीस वर्षे. परंतु उमरावांनी लेखणी तैसीच सोडिली, आणि घरातल्या सपातांनिशी चिखलातून धावत फाटकाबाहेर गेले, आणि टपालवाल्यास हाका मारून घोडा थांबविला, आणि आपल्या हाते पत्र थैलीत टाकते झाले.

एवंच, तीनशे कवितांनी जे जाहले नाही ते एका ओळीने मार्गी लागले. या हकीकतीत कोणी मेले नाही, हे त्या राज्याच्या रीतीस सोडून आहे. जाणत्यांनी न्यून पोटात घालावे.