साडूच्या गाडीची बॅटरी

वादळात वीज गेली, मोबाइल मुके झाले, तरी मी निर्धास्त होतो. हॅम रेडिओचा, हौशी बिनतारी संचाचा, परवाना काय भिंतीवर टांगायला काढला होता? मेहुणी आणि साडू माझ्याकडे आसऱ्याला आले होते. "सगळं गाव मुकं झालं तरी आपलं घर बोलत राहील!" मी त्यांना ठणकावून सांगितलं. रेडिओला बॅटरी हवी होती. ती साडूच्या गाडीतून काढली. विचारलं नाही. विचारलं असतं तर दिली नसती!

दुपारी साडूच्या छातीत कळ आली. चेहरा चुन्यासारखा, अंगभर घाम. मी माईक धरला. पत्ता सांगितला. शाळेतल्या मदतकेंद्रावरच्या ऑपरेटरने तिथल्या डॉक्टरांना विचारलं.

"अँब्युलन्स अडकलीय. तुमच्याच गाडीतून शाळेत आणा. पण पुलावरून नको, रस्ता..."

"गाडी आहे ना माझी," साडू कण्हला. "चावी खिशात आहे."

मी बॅटरीकडे बघितलं. मेहुणीने माझ्याकडे बघितलं.

"भावोजी! ही यांच्या गाडीची?"

"अगं, आधी रस्ता तर विचारू दे!"

ती कसली थांबते! तिने वायर ओढली, बॅटरी टेबलाच्या कडेला आली. "अगं सोड, पडेल! पडलं, पडलं!" मी माईकमध्येच ओरडलो आणि रेडिओ बंद पडला. बॅटरी मात्र वाचली. मी तिच्याखाली पोट घातलं होतं.

ती गाडीत बसवली, तर गाडी नुसती खोकली. सकाळपासून मी रेडिओवर गप्पा मारल्या होत्या ना! बायको गेल्यापासून माझ्याशी बोलायला तेवढंच होतं. शेवटी मेहुणी स्टिअरिंगवर, मी मागे. मी गाडीला ढकलत होतो, वारा मला ढकलत होता. आतून साडूचा क्षीण आवाज, "अगं, हँडब्रेक काढ!"

समोरून अग्निशमन दलाची गाडी आली.

"बाजूला व्हा! घर कोसळलंय, माणसं दबलीत! निळं फाटक कुठे आहे?"

"सरळ जा, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे!" मी तत्परतेने सांगितलं. ते सुसाट गेले. "बिचारे कोण असतील," मी हळहळलो.

"भावोजी," मेहुणी किंचाळली, "निळं फाटक आपलंच!"

मी धावत सुटलो. पोचेपर्यंत त्यांनी फाटक तोडलं होतं!

साडूला त्यांनीच शाळेत पोचवलं. आत नेलं, दार लावलं. मेहुणी माझ्याकडे पाठ करून बसली. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत," म्हणाले. मी भिंतीला टेकलो. बायकोला घेऊन धावलो होतो तेव्हा हे ऐकायला मिळालं नव्हतं.

ऑपरेटरने मला हाक मारली. "निळं फाटक तुमचंच ना? 'पडलं, पडलं' ऐकलं आणि रेडिओ बंद, म्हणून घर पडून तुम्ही दबलात असं सगळीकडे कळवलंय. आता तुम्हीच सांगा."

मी माईक धरला. बटण दाबून "मी जिवंत आहे," म्हणालो, आणि पुढे शब्दच फुटेना.

ऑपरेटरने हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, बटण सोडा. बाकीच्यांनाही बोलायचंय."