भवानीला विकलेला तराजू

कल्याणचे आडते धर्माशेठ ज्या दिवशी मुरबाडला यायचे होते, नेमका त्याच दिवशी सकाळी कुंडलिकशेठने आपला तराजू विकून टाकला.

वत्सला आतल्या दाराशी तांदूळ निवडत होती. दुकान पुढे, घर मागे, मध्ये गोणपाटाचा पडदा; त्यामुळे दुकानातलं सगळं तिला ऐकू येई आणि पडद्याच्या भोकातून बरंचसं दिसेही. धर्माशेठला मुरबाडात हिरडा खरेदी करायला माणूस नेमायचा होता. डोंगरातल्या वाड्यांवरून येणारा हिरडा तोलून घ्यायचा, कल्याणला धाडायचा आणि वजनावर दलाली घ्यायची. ते काम मिळालं तर दुकान तगणार होतं. नाही तर शिमगा झाला की बिऱ्हाड उचलून भिवंडीला, थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली. जाऊबाई मीठसुद्धा कुलपात ठेवत. वत्सलेने त्या दिवशी देवापुढे दोन वाती जास्त लावल्या होत्या.

दुकान उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते धोंडूबाई. समोरच्या उंबराखाली बसून ती बाजाराला सुकट-बोंबील विकायची.

"कुंडलिका, माजा तराजू नदीत पडला रे. तुजा दे आजच्यापुरता."

"तराजू उसना देतात का कुठं, धोंडूबाई? घरातली लक्ष्मी हातानं बाहेर धाडल्यासारखं होतं ते."

"बरं, उसना नको. इकत दे."

कुंडलिक पेचात पडला. सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाती गेलं तर दिवसभर दुकानात माशीसुद्धा बसत नाही, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने मग शहाण्यासारखा एक उपाय केला, नव्या तराजूच्या तिप्पट भाव सांगितला. धोंडूबाईने कमरेची चंची सोडली, पैसे मोजले, आणि तराजू खांद्यावर टाकून ती चालू लागली.

"अहो!" वत्सला पडद्याआडून म्हणाली. "आता शेठजींपुढे हिरडा काय ओंजळीनं तोलणार?"

"अगं, भवानी होती!"

"मग धर्माशेठना भवानीच दाखवा."

कुंडलिक चपला न घालताच शेजारच्या कमळाकरकडे धावला. कमळाकर किराणावाला नुकता फळ्या काढत होता. त्याचाही डोळा हिरड्याच्या कामावर होता.

"कमळाकर, तुझा तराजू दे जरा."

"वेड लागलं का? तराजू उसना देतात का कुठं?"

"मग विकत दे," कुंडलिक म्हणाला. "तुझी भवानी व्हायचीय ना अजून?"

कमळाकरचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. त्यानेही तिप्पट भाव सांगून पाहिला. कुंडलिकच्या मुठीत धोंडूबाईचे पैसे तयारच होते. कमळाकर मग पाय आपटत रघू गूळवाल्याकडे गेला. रघूची भवानी व्हायची होती. रघू गेला पलीकडच्या तेलवाल्याकडे. ऊन ओट्यावर येईपर्यंत पेठेतला प्रत्येक तराजू एकेक दुकान सरकला होता. शेवटचं दुकान भिमा मिरचीवाल्याचं. त्याच्यापुढे दुकानच उरलं नाही. तो धोंडूबाईपुढे जाऊन उभा राहिला.

"बाय, तो तराजू मला इकत दे."

"माजी भवानी कवाच झाली," धोंडूबाई बोंबील झटकत म्हणाली. "आता मी देन नाय तं नाय देन."

इथवर नुसती गंमत होती. खरी पंचाईत पुढे झाली. मुरबाडच्या पेठेत एकही तराजू सरळ नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोलत नव्हतं. मालाच्या पारड्याखाली मेणाचा ठिपका प्रत्येकाचा असे, म्हणजे माल कमी घातला तरी वजन भरे. कुंडलिकचा तुरीच्या डाळीएवढा, दुसऱ्याचा चण्याएवढा. पण आपलं मेण आपल्याला कळतं. दुसऱ्याचं कसं कळावं? रघूला वाटे आपण जास्त देतोय, तेलवाल्याला वाटे आपण पकडले जाणार. एकेक माल दोनदोनदा तोलला जाऊ लागला. बारा वाजायच्या आत सगळे व्यापारी कुंडलिकच्या ओट्यापुढे जमा झाले.

"माझा तराजू मला परत पाहिजे!" कमळाकर ओरडला.

"का रे?" रघू म्हणाला. "माझा काय वाईट आहे?"

"वाईट नाही रे. पण माझा तो माझा."

"तराजू तो तराजू. तुझ्या तराजूत असं काय वेगळं आहे?"

कमळाकरने तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात तेलवाला म्हणाला, "रघ्या, मग तू का माझा नको म्हणतोस?" आता रघूने तोंड मिटलं. धोंडूबाई उंबराखालून म्हणाली, "बोला रे बाबांनो, बोला! लाजताव कशाला?" सगळी बाजारपेठ हसली.

त्या हसणाऱ्यांत लाल पगडीचा एक गृहस्थ होता. कल्याणची मोटार केव्हाच येऊन गेली होती, आणि धर्माशेठ मागे उभे राहून सगळं ऐकत होते. ते पुढे आले तशी गर्दी दुभंगली.

"सगळ्यांना आपापला तराजू परत हवाय," ते सावकाश म्हणाले. "एकटे हे ओट्यावरचे गृहस्थ काही बोलत नाहीत. काय हो, तुम्हाला नको तुमचा?"

"नको," कुंडलिक म्हणाला. "आहे हा बरा आहे."

धर्माशेठनी मान डोलावली. "ज्याच्या मनात पाप नाही, त्याला कुठलाही तराजू सारखा. हिरड्याचं काम तुमचं. आणि ह्याच तराजूवर तोलायचं बरं का, बदलायचा नाही."

पडद्याआड वत्सलेने तोंडात पदर कोंबला. सकाळपासून ती पाहत होती. कमळाकरच्या तराजूच्या मालाच्या पारड्याखाली मेणाची चांगली सुपारीएवढी गोळी होती. त्यावर पाऊण शेराचा शेर भरत होता, आणि कुंडलिक सकाळभर मनातल्या मनात नाचत होता.

तोवर डोंगरातल्या वाडीवरची हिरी नावाची बाई डोक्यावर हिरड्याची पाटी घेऊन ओट्याशी आली. धर्माशेठ समोर बसले आणि त्यांच्या देखत पहिला हिरडा पारड्यात पडला. पारडं धाडकन खाली गेलं. कुंडलिकने वजन टाकलं, आणखी टाकलं, आणखी टाकलं. मग त्याला उमगलं. आज तो विकत नव्हता, घेत होता.

"एवढा भरला?" हिरी पाटीकडे बघत म्हणाली. "घरी तं एवढा नवता."

"देवाचा तराजू आहे," धर्माशेठ कौतुकाने म्हणाले.

आठवडाभरात ही बातमी सगळ्या वाड्यांवर गेली. माणसं वाटेतली दोन गावं ओलांडून कुंडलिककडेच हिरडा आणू लागली. पारडी फिरवावीत, म्हणजे मेण वजनाच्या बाजूला जाईल, असं कुंडलिकच्या मनात एकदा आलं होतं, पण वत्सला म्हणाली, "दलाली वजनावर आहे ना? मग वजन वाढतंय ते वाढू दे. आपल्या हातून चार गरिबांना जास्त मिळालं तर कल्याणचे शेठजी काही उपाशी मरत नाहीत."

महिन्याने धर्माशेठचा माणूस कल्याणहून विचारत आला, की इथे भरलेला माल तिथे कमी कसा उतरतो. कुंडलिक चाचरू लागला. तेव्हा वत्सला लग्नानंतर पहिल्यांदाच पडदा सारून दुकानात आली, आणि पदर सावरून म्हणाली,

"शेठजींना म्हणावं, हिरडा आहे तो. वाटेत वाळतो."