हिरवा वज्रमूठ, तपकिरी वज्रमूठ

"बाटलीवरचं नाव वाचून रंग घेतो तो रंगारी नव्हे, कारकून!" असं रंगमास्तर चारचौघांत छातीठोकपणे सांगायचे. चित्रकथांच्या त्या छोट्या कचेरीत वज्रमूठ नावाच्या महानायकाला ते पहिल्या अंकापासून रंगवत होते. लाल अंगरखा, निळा शेला! पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, जग मळक्या काचेतून बघावं तसं दिसू लागलं; पण पठ्ठ्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. रंगाऱ्याचे डोळे गेले की नोकरीही गेलीच, ही धास्ती!

आणि एका महिन्यात वज्रमूठ चक्क हिरवा शेला पांघरून छापून आला!

"हे काय आहे?" मालक अंक नाचवत ओरडले. "आपला माणूस आहे की कोथिंबिरीची जुडी?"

मास्तरांची पाचावर धारण बसली. तेवढ्यात संपादकबाई पुढे सरसावल्या. "चूक नाही ती! हा दुसऱ्या विश्वातला वज्रमूठ. याला उंचीची भीती वाटते, म्हणून हा बसने फिरतो. पुढच्या अंकात येतंय सगळं."

पोरांना तो भित्रा वज्रमूठ इतका आवडला की अंक हातोहात खपला. पुढच्या खेपेला शेला तपकिरी आला. बाईंनी सांगून टाकलं, "हा लग्न झालेला. जग वाचवून येताना भाजी आणतो." मग जांभळा आला, तो आईला विचारल्याशिवाय उडत नव्हता!

"मास्तर, काय डोकं आहे तुमचं!" मालक पाठ थोपटत म्हणाले. मास्तरांनी दर वेळी आपल्या मते निळाच लावला होता. पण स्तुतीला नाही कोण म्हणतं?

घरी मात्र बिंग फुटलं. मास्तरांनी कपाटाला शेजारीण समजून "बऱ्या आहात ना?" असं विचारलं, आणि बायकोने त्यांना धरून दवाखान्यात नेलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा आभाळ इतकं निळं दिसलं की मास्तरांना रडूच आलं.

पुढच्या अंकात वज्रमूठचा शेला अगदी अस्सल निळा!

"हा कोण?" मालक कडाडले. "पोरं विचारतायत, हा साधा माणूस कुठून आणला? पुढच्या अंकात नवं विश्व दिसलं नाही, तर मला नवा रंगारी बघावा लागेल!"

घ्या! चुका करून टिकलेली नोकरी आता बरोबर केल्याने जाणार! मास्तरांनी मुद्दाम पिवळा लावून बघितला. बाईंनी नाक मुरडलं. "ओढूनताणून केलंय हो. तुमच्या चुकीत कसा जीव असायचा!"

शेवटी मास्तरांनी दार लोटलं, उजव्या डोळ्यावर तळहात दाबला आणि मोतीबिंदूवाल्या डाव्या डोळ्याने मन लावून 'निळा' शेला रंगवला. तो असा काही शेवाळी-काळा उतरला की मागून डोकावणाऱ्या बाई टाळ्याच पिटू लागल्या. "हा निवृत्त झालेला! संकट आलं की म्हणतो, आमच्या वेळी असं नव्हतं!"

आवाज ऐकून मालक आले. चांगल्या डोळ्यावरचा हात आणि समोरचा शेवाळी शेला बघून त्यांना सगळं उमगलं. आता हकालपट्टी, म्हणून मास्तरांनी मान खाली घातली. नेमकी त्याच वेळी बायको त्यांना न्यायला दारात उभी!

"अहो, चला. डॉक्टर थांबलेत. डावा डोळा आजच उरकून टाकू म्हणाले."

"वहिनी!" मालक दार अडवून उभे राहिले. "त्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही! आमची सगळी विश्वं आहेत त्याच्यात!"

बायकोने मास्तरांच्या डाव्या डोळ्यात नीट वाकून बघितलं.

"इतकी विश्वं दिसतात का यातून?" ती म्हणाली. "मग समोर दूध उतू जातं, ते कसं हो दिसत नाही?"