गाडीनं घेतलेला नेम

"आमच्या जैनाच्या घरात चार पिढ्यांत कुणी थेंब घेतला न्हाई, आणि तुझी गाडी पिती?" कॅनचा वास घेऊन रामगोंडांनी शेडच्या दारातच नाक दाबलं.

"मामा, ही दारू न्हवं, मिथेनॉल हाय. विष हाय विष!" त्यांची सून भाग्यश्री गाडीखालून म्हणाली.

"मग तर आनंदच हाय!"

माधवनगरातली ही शेड सासऱ्यांची. यंत्रमाग भंगारात गेल्यापासून मोकळी पडली होती, तिथं भाग्यश्री शर्यतीच्या गाड्या तयार करायची. आता तिनं स्वतःच्या गाडीला नवा पंप बसवला होता. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, ती हवा तापते. तीत पाणी आणि मिथेनॉलचा बारीक फवारा मारला की हवा थंड होते आणि इंजिन न कुरकुरता जास्त जोर देतं. हे तिनं सासऱ्यांना दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा त्यांना फक्त 'दारूचा फवारा' एवढंच कळलं. नवरा भरतेश अशा वेळी हमखास हळदीच्या बाजारात काम काढायचा.

"असलं जिथं येतं, ती शेड मी पेंडवाल्याला देतो," रामगोंडा म्हणाले.

भाग्यश्री गाडीखालून बाहेर आली. गालावर ऑइल, हातात पाना. "आयतवारी सातारला घाटात शर्यत हाय. माझी गाडी पयली आली, तर शेड माझी. न्हाई आली, तर माझ्या हातानं पाने गोळा करून जाते."

"कबूल. पर मी संगं येणार."

रविवारी सकाळी कराडच्या अलीकडं हवालदार मानसिंगनं गाडी अडवली. डिकीतल्या कॅनवर कवटी काढलेली होती. "ह्यात काय?"

"मिथेनॉल," भाग्यश्री म्हणाली. तिला खरं बोलायची खोड होती.

"म्हंजे हातभट्टीत मिसळत्यात ते?"

"तेच. पण मी इंजिनात घालते."

"पानी हाय वो सायेब," रामगोंडा खिडकीतून म्हणाले.

"मिथेनॉल हाय!"

"पानी!"

मानसिंगनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आवं, जिचा माल ती म्हणतीया विष, आन् संगतीचा म्हणतोय पानी. असं उलटं मी नोकरीत बघितलं न्हाई. कॅन तपासायला पाठवू. तवर गाडी हितंच ऱ्हाईल."

"तवर शर्यत संपंल! बिल हाय माझ्याकडं. चोरी न्हाई, भेसळ न्हाई. मी काय म्हणून भ्यायचं?" भाग्यश्रीनं थेट हवालदाराच्या तोंडासमोर बिल नाचवलं.

एवढ्यात रामगोंडा खाली उतरले. त्यांनी कॅन उघडला, टोपणात ओतलं आणि एका घोटात पिऊन टाकलं.

भाग्यश्री किंचाळली. बिल टाकून धावली आणि सासऱ्यांच्या पाठीत दणादणा बुक्क्या घालू लागली. "मामा, थुका! शेड नगं मला! शेड घाला चुलीत, पण थुका!" ती ढसाढसा रडत होती.

"कशाला थुकू? तुझ्या सासूनं दुपदरी कापडातनं गाळलेलं पानी हाय," रामगोंडा पाठ चोळत म्हणाले. "आमी कॅन बदलला. तुझा शेडच्या कपाटात कुलपात हाय. हा नवा कोरा. कवटी मीच काढली."

भाग्यश्रीनं डोळे पुसून बघितलं. कवटी चक्क हसत होती.

"मग माझं वतून तरी टाकायचं!"

"आणि मातीतलं जीव मरू देऊ व्हय?"

मानसिंगनं तळहातावर घेऊन वास घेतला, हात पँटीला पुसला आणि गाडी सोडली.

घाटाच्या पायथ्याशी इतर गाड्या आधीच गुरगुरत होत्या. परत फिरणं भाग्यश्रीच्या रक्तात नव्हतं. "पानी तर पानी," ती म्हणाली. नुसत्या पाण्यानंही हवा थंड होतेच. तिनं लॅपटॉपवर टर्बोचा दाब जरासा उतरवला आणि फवाऱ्याच्या टाकीत सासूबाईंनी गाळलेलं पाणी ओतलं. "जोर कमी पडंल तिथं मी ब्रेक दाबनार न्हाई, एवढंच." सासऱ्यांवरचा सगळा राग तिनं वळणांवर काढला. गाडी पहिली आली, अगदी केसभर पुढं.

रामगोंडा शब्दाला जागले. शेडची किल्ली दिली, कपाटाचीही दिली. "गिऱ्हाइकाच्या गाड्यांना काय पाजायचं ते पाज. पर आपल्या गाडीनं नेम घेतला, दारू सोडली. सोडली म्हणून तर पळाली!" हे त्यांनी निम्म्या माधवनगरला सांगितलं. भाग्यश्रीनं दाब, तापमान सगळं पुन्हा समजावलं. उपयोग शून्य.

सोमवारी संध्याकाळी ती टाकी भरायला पाण्याचा कॅन घेऊन गेली, तर रामगोंडांनी झाकणावर हात ठेवला.

"दिवस मावळला. आपल्यात रातीचं काय खात-पीत न्हाईत. आता सकाळी."

"मामा, गाडी हाय ती!"

"आपल्या घरातलीच हाय न्हवं?"

तिनं कॅन खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती दिवस मावळायच्या आत टाकी काठोकाठ भरू लागली. पोटात गेलेलं पाणी गाडीनं रात्री वापरावं की नाही, हे तिनं मामांना विचारलं नाही.